सहावी पायरी

बहात्तरचा दुष्काळ माणदेशात माहेरी काढला आणि पुढच्या वर्षी मी कराडच्या खाली, कृष्णाकाठी नांदायला आले. घरामागे उसाचं रान, रानाच्या कडेला पायऱ्यांची विहीर आणि विहिरीला लागूनच पाणथळ. तिथं लव्हाळा, बगळे, पाणकोंबड्या आणि बेडकांचा नुसता गोंगाट. खरं सांगायचं तर नवऱ्याच्या आधी मला ती पाणथळच आवडली.

सासरे फौजेतून हवालदार होऊन परतलेले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी पाणथळीतून ओढ्याकडं चर खणायला घेतला. पाणी काढून तिथंही ऊस लावायचा होता. माझा जीव वरखाली झाला. पण सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. मी चुलीपाशी सासूबाईंना सांगायची आणि मामंजी दोन हातांवर जेवत बसलेले असायचे.

"आत्याबाई, पाणथळीचंच पानी हिरीला मुरतंय. ती आटली की हीर बी गेली."

"तिला सांग, हितं पानी लय हाय," मामंजी भाकरी मोडत म्हणायचे. "ह्यो काय तिचा माणदेश न्हाई."

सासूबाई दोघांकडं बघून हसायच्या. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माहेरी आम्ही पाण्याबाहेरच्या उघड्या पायऱ्या मोजून विहीर जोखायचो. इथंही मी आल्यापासून रोज मोजायची. चर खणायच्या आधी पाच उघड्या होत्या, पंधरवड्यात नऊ झाल्या. पाणथळीपासून लांब असलेली शेजाऱ्यांची विहीर मात्र होती तशीच होती. रात्रीच्या जेवणाला मी हे सासूबाईंना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, हवालदाराला आकडा लागला. सकाळी मामंजी स्वतः पायऱ्या मोजून आले आणि चरात माती लोटू लागले. पाणथळीची वाळलेली कड मात्र उसाखाली गेली ती गेलीच. त्या कडेला पाणकोंबड्या पुन्हा दिसल्या नाहीत, त्याची मला अजून हळहळ वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात मी बाळंतपणाला माहेरी होते. एक दिवस पोस्टकार्ड आलं. अक्षर मामंजींचं आणि पत्त्यावर माझ्या वडिलांचं नव्हे, माझं नाव. त्यांनी मला थेट काही सांगण्याची ती पहिलीच वेळ. मी हसत हसत रडले.

"सूनबाईस आशीर्वाद. आज पायऱ्या मोजल्या. सहा उघड्या हायेत. एक माझ्या हट्टापायी गेली. बाकी पानी हाय. बाळाला घेऊन या."