काचेवरची पेन्सिल

माझ्या पहिल्याच शोधनिबंधात मी एका माणसाचं आयुष्यभराचं काम ‘खराबी’ म्हणून नोंदवलं होतं. कसबा पेठेतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला आणि त्याच्या काचेच्या निगेटिव्ह आमच्या कलेतिहास विभागाकडे आल्या. मी एकेक काच खिडकीशी धरून पाहत होते. स्त्रियांच्या गालांवर, कपाळांवर करड्या रेघांचं जाळं होतं, कोळिष्टकाइतकं तलम. तक्त्यात मी लिहिलं: ओरखडे, साठवणीतला निष्काळजीपणा.

निबंध छापून आल्यावर, त्या स्टुडिओत उभी हयात घालवलेल्या गृहस्थांना तो दाखवायला मी धायरीला गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तक्ता डोळ्यांजवळ नेला.

“ओरखडे मीच काढलेत, बाई. निष्काळजीपणाने नव्हे, पगार घेऊन.”

माझे कान तापले. ते उठले, फडताळातून एक डबी आणि एक जुनी काच काढली. राळेचा, टर्पेंटाइनचा उग्र वास खोलीभर पसरला. काचेवर वॉर्निशचा पातळ हात द्यायचा, पेन्सिलीच्या शिशाचं टोक पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं करायचं. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते, तिथे छापलेला फोटो उजळतो. देवीच्या व्रणांचे खड्डे असे एकेक बुजवायचे.

“पण सगळे नाही. सगळे बुजवले, तर आईच पोरीला ओळखत नाही.”

काचेवर शिसं चालू लागलं. त्याचा आवाज इतका बारीक, की ऐकण्यासाठी मी श्वास धरला होता.

पुढे मी जगभरातल्या आधुनिक कलेवर पुस्तक लिहिलं. युरोपात छायाचित्रं कापणाऱ्या, रंगवणाऱ्या, खरवडणाऱ्या हातांना आपण कलावंत म्हणतो. कसब्यातल्या हाताला काय म्हणायचं? चौथं प्रकरण त्या प्रश्नाचं होतं आणि त्यात माझी चूक कबूल केलेली होती.

प्राध्यापकपदासाठी ते पुस्तक छपाईपूर्वीच तज्ज्ञांकडे गेलं. काही दिवसांनी विभागप्रमुखांनी बोलावलं.

“मॅडम, पुस्तक उत्तम आहे. फक्त चौथं प्रकरण काढा. तज्ज्ञांच्या मते ती कारागिरी आहे, कला नव्हे.”

“आणि काढलं नाही तर?”

“शिफारस होणार नाही. अगदीच जीव अडकला असेल, तर तळटीपेत घाला. तळटीप कोण वाचतं?”

“म्हणूनच नको.”

“आज निगेटिव्हवर रेघा मारणारे. उद्या लग्नाच्या मांडवातले फोटोग्राफरही घ्याल!”

“चांगला भेटला तर घेईन, सर. आपल्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफर कोण होते?”

त्यांनी फाइल मिटली. मी नमस्कार करून बाहेर पडले.

शिफारस झाली नाही. पुस्तक मात्र सातही प्रकरणांनिशी निघालं. शेवटच्या नामसूचीत धायरीच्या त्या गृहस्थांचं नाव मेक्सिकोतल्या एका चित्रकाराच्या खाली आणि बर्लिनच्या एका छायाचित्रकर्तीच्या वर आहे, त्याच टायपात, त्याच आकारात.

पदोन्नतीचा अर्ज यंदा पुन्हा निघाला. ‘मागील अर्जानंतर केलेल्या सुधारणा’ असा एक रकाना त्यात आहे. मी लिहिलं, ‘नाहीत’, आणि सही केली.