इलाला डेंटिस्ट सापडला

डेंटल स्कूलला अर्ज करायचा तर आधी एखाद्या डेंटिस्टच्या मागे उभं राहून त्याचं काम बघावं लागतं. त्यासाठी इलाने अमेरिकेतल्या त्यांच्या चँडलर गावातली क्लिनिकं पालथी घातली, पण सगळीकडे एकच उत्तर मिळालं: वेळ नाही. शेवटी तिच्या आईने ओळखीतल्या डेंटिस्टला, प्रसन्नकाकांना फोन केला आणि ते लगेच हो म्हणाले.

तेव्हापासून इलाच्या बाबाला, संग्रामला, घास गोड लागेना. काही वर्षांपूर्वी प्रसन्नने त्याला रूट कॅनाल करायला सांगितलं होतं. संग्राम असा भडकला की तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत उभा राहून सगळ्यांना सांगत सुटला, "त्याच्याकडे जाऊ नका यार, लुटतो तो!" पुढे दाढ ठणकली, तेव्हा दुसऱ्या डेंटिस्टनेही रूट कॅनालच केलं. ते मात्र त्याने मंडळात कुणाला सांगितलं नाही.

आज पहिला दिवस संपवून इला खुशीत घरी आली. "बाबा, काका इज सो नाइस! प्रत्येक एक्स-रे त्यांनी मला एक्सप्लेन केला. तुला हॅलो सांगितलंय."

"कंटाळले नाहीत?" संग्रामने कसंबसं विचारलं.

"नो! ते बिझीच नसतात. दिवसभरात दोनच पेशंट आले." फ्रिज उघडता उघडता ती म्हणाली, "बाबा, आपले मराठी लोक त्यांच्याकडे का नाही जात?"

प्रसादाच्या रांगेत भराभर चाललेली संग्रामची जीभ आता ती रूट कॅनालची दाढ चाचपत राहिली.