दुसऱ्याच्या बंदुकीतला आकडा

वडील गेल्यावर त्यांची रायफल माझ्या नावावर झाली, तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. बाईमाणसाला बंदूक कशाला? मला भाऊ नाही. वणीच्या रस्त्यावरचा आमचा मळा मीच बघते. टोमॅटोत शिरणारी रानडुकरं मळ्याची मालक बाई आहे की बुवा, हे विचारून शिरत नाहीत. डुकरं हाकलायला वडील हवेत बार काढायचे, तेवढाच तिचा उपयोग. पण हे कितीही सांगितलं तरी समोरचा हसायचाच.

रायफल आजोबांच्या काळातली, विलायती. चापाभोवती लोखंडी कडी. ती खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत चढतं. दसऱ्याआधी पुसायला काढली, तर रिकामं काडतूस ओढून काढणारा आतला आकडा तुटलेला. बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो नसला की सगळी रायफल म्हणजे नुसती काठी.

शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"साहेब नाही आले?"

"परवाना माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "साहेबांना यातलं काही कळत नाही."

त्याने रायफल हातात घेतली, कडी दोनदा खालीवर केली आणि टेबलावर ठेवली. "मॅडम, ही म्युझियममध्ये ठेवायची वस्तू. पार्ट मिळायचा नाही. माझ्या नावावर करून द्या, तुम्ही सुटाल."

मला सुटायचं नव्हतं, दुरुस्ती करायची होती. मी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली, कागदावर धरणांचे दरवाजे काढले. या आकड्याचंही चित्र काढलं आणि सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्याकडे गेले. त्याने चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, बंदुकीचं ना हे? तासाभरात करून देईन, पण मला आत टाकतील." त्याचं बरोबरच होतं. कायद्याने बंदुकीचा भाग म्हणजेही शस्त्रच. अमेरिकेतल्या भाच्याने संगणकावर बघून सांगितलं की तिकडे हा आकडा पाकिटात घालून घरपोच येतो. "मावशी, आणू का?" मी म्हटलं, "आण, म्हणजे विमानतळावरून थेट तुरुंगात." पुण्याच्या दुकानदाराने तर फोनवर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

माझा राग असा की जपून ठेवा म्हणणारे सगळे, पण जपायला लागणारा तुकडा कायदेशीरपणे कुठे मिळेल हे सांगणारा एकही नाही.

आणि मग एके दिवशी शहरातल्या त्या पहिल्या दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, तुमचं नशीब. दिल्लीहून पार्ट आला." गेले. त्याने माझ्यासमोर आकडा बसवला. कडी ओढली आणि खटक्कन नीट बसली. तो आवाज ऐकून दुकानातच माझे डोळे भरून आले. येताना गंगापूर रोडवरून पेढे घेतले, आधी त्याच्या दुकानात नेऊन दिले आणि मगच घरी गेले. त्या पेढ्यांची आठवण आली की अजूनही कानशिलं तापतात.

पुढे नूतनीकरणासाठी परवाना शाखेत बसले होते. शेजारी येवल्याकडच्या एक मावशी, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. कांद्याचं रान, नवरा वारलेला, बंदूक आपल्या नावावर व्हावी म्हणून आलेल्या.

"कसली बंदूक?" मी सहज विचारलं.

"जुनी हाय. खाली वढायचा दांडा आसतो ना, तशी. मालक गेले तशी दुकानात जमा केली. कायदाच हाय म्हनं."

"कुठल्या दुकानात?"

त्यांनी सांगितलं. तेच दुकान.

"मागच्या आठवड्यात बघाया गेलते," मावशी म्हणाल्या, "तर आतला आकडाच नाय. दुकानदार म्हनतो, आधीपास्नं नव्हता. आन् भंगार हाय म्हनं, सही करून द्या. ताई, माझ्या मालकानं दर दसऱ्याला ती बंदूक माझ्यासमोर पुसली. समदं होतं तीत. मी काय आंधळी हाय का?"

कोणती दिल्ली आणि कसलं नशीब! त्याने एका विधवेच्या ठेवीतून तुकडा काढून माझ्या रायफलीत घातला होता आणि वर माझ्याकडून पेढे खाल्ले होते. आणि मला वाटत होतं, मला कोणीतरी न्याय दिला.

मी मावशींना सगळं सांगितलं. त्या माझ्यावर चिडतील असं वाटलं. त्या फक्त उठल्या. "चला मग."

घरून माझी रायफल घेऊन आम्ही दोघी दुकानात गेलो. आम्हाला एकत्र बघून त्याचा चेहरा उतरला. पण तोंड सुरूच.

"मॅडम, तुमचं काम झालं ना? मग तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"माझं काम यांच्या बंदुकीतून झालं," मी म्हटलं. "आत्ता काढा तो आकडा आणि यांच्या बंदुकीत बसवा. माझ्यासमोर."

"तुमची पुन्हा बंद पडेल."

"पडू दे."

त्याने काढला. बसवून झाल्यावर मावशींनी आपली बंदूक त्याच्या हातातून घेतली, पदर खोचला, कडी खाली ओढली, वर घेतली. पुन्हा एकदा. मग म्हणाल्या, "आता आसंल तशी ऱ्हाऊ द्या. हात लावायचा नाय."

तिथून आम्ही थेट परवाना शाखेत परतलो. मी तक्रार लिहिली, मावशींनी सही केली. आतल्या अधिकाऱ्याने वाचलं आणि चष्मा काढला. "यांचा पार्ट परत मिळाला. मग आता तक्रार कशाची?"

"चोरलेली वस्तू परत ठेवली म्हणजे चोरी झालीच नाही का?" मी विचारलं. आवाज जरा जास्तच चढला असेल. बाहेरच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

"बाई, शांत व्हा."

मी शांत झाले नाही. तक्रारीची पोच घेऊनच उठले. दुकानदाराला नोटीस गेली असं कळलं, दुकान मात्र रोज उघडतं. जाताना दिसतं.

मावशींचा परवाना झाला. बंदूक घरी नेली त्या दिवशी त्यांचा फोन आला. मागे बकऱ्यांचा गलका. "ताई, आकडा तुमी घ्या की. मी म्हातारी, मला कुठं चालवायची हाय?"

"तुमच्या मालकांची आहे ती, मावशी. पूर्णच राहू द्या," मी म्हटलं. मनात हेही आलं की त्यांनी दिला, मी घेतला, तरी कायद्याने तो गुन्हाच.

माझी रायफल कपाटात आहे, आकड्याशिवाय. मळ्यात डुकरं येतात तेव्हा गडी पत्र्याचे डबे वाजवतात. आणि मी दर सोमवारी परवाना शाखेत जाऊन विचारते, आमच्या तक्रारीचं काय झालं. आता मला बघितलं की शिपाई आधीच खुर्ची पुढे सरकवतो. मी बसत नाही.