डोंगराखालचा दर्या

नाखव्याला बोट लागायची. सातपाटीत जन्मलेल्या माणसाला याहून अवघड दुखणं नसेल. बाप, भाऊ, मेहुणे सगळे मासेमारीला जाणारे. आणि हा होडीत बसला की बंदराच्या तोंडाशीच ओकायला कडेला ओणवा व्हायचा. दोन हंगाम कसेबसे काढून त्याने नाद सोडला आणि पालघरच्या मोजणी कार्यालयात जमीन मोजायची साखळी ओढणारा शिपाई म्हणून लागला. तिथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला ‘नाखवा’ म्हणायला सुरुवात केली. नाखवा म्हणजे होडीचा धनी, तिला दर्यावर नेणारा. चेष्टाच होती ती. ऐंशीच्या दशकात मी तिथे मोजणीदार म्हणून रुजू झाले, तेव्हा त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

मला याद्या करायची सवय आहे. मोजणीला निघताना मी कागदावरून वाचायचे: साखळी, दहा खिळे, चार झेंड्या, टेबल, ओळंबा, पाणी. प्रत्येक नावाला नाखवा “हाय” म्हणायचा. शेवटी थोडं थांबून विचारायचा, “आनि नाखवा?”

“आहे.”

“लिवलंय काय?”

लिहिलेलं नसायचं. दुसऱ्या महिन्यापासून मी सातव्या क्रमांकावर ते लिहू लागले.

यादी वाचून झाली की आवारात नेमक्या अंतरावर रोवलेल्या दोन दगडांमध्ये साखळी ताणून बघितल्याशिवाय तो निघत नसे. बस चुकली तरी चालेल. “कड्या झिजतात, बाय. रोज केसाएवढी लांब होते ही. तिचं तिला पन कलत नाय.” साहेबांसमोर तो मला मॅडम म्हणायचा, आवाराबाहेर पाऊल पडलं की बाय.

हद्दीच्या भांडणात माणसं त्याला आपल्याकडे वळवू बघायची. केळव्याला सुपारीच्या एका ओळीवरून दोन सख्खे भाऊ आठ वर्षं बोलत नव्हते. थोरला नाखव्याच्या कानाशी येऊन म्हणाला, “नाखवा, तुमी आपले मानूस. साखली जरा ताना ना.”

“तानतो की,” नाखवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “पन मंग तुज्या पडवीचा खांब पन त्याच्या वाडीत जाल. चालल?”

धाकटा नको नको म्हणत हसला. थोरल्यालाही हसू आवरलं नाही. आठ वर्षांत ते दोघे एका वेळी हसले असतील तर तेव्हाच. मोजणी मात्र व्हायची तशीच झाली. ओळ धाकट्याची निघाली.

कार्यालयाचा पितळी ओळंबा फार पूर्वी हरवला होता. नाखव्याने जाळ्याला लावायचं शिसं मासे धरायच्या दोरीला बांधून स्वतःचा ओळंबा केला होता. सपाट जमिनीवर त्याचं काही काम नाही. तो लागतो डोंगरावर. आमच्या खात्यात जमीन चढाउतारासकट मोजत नाहीत, आडवी मोजतात. साखळीचं एक टोक वर जमिनीला टेकवायचं, दुसरं उतारावर उभं राहून छातीपर्यंत उचलायचं, तिथून ओळंबा सोडायचा आणि शिसं टेकेल तिथे खिळा मारायचा. पुन्हा तिथून पुढे. प्रशिक्षणात मी हे पाठ केलं होतं, पण समजलं नाखव्याकडून. मनोरच्या बाजूला एका चढावर तो म्हणाला, “डोंगराखाली दर्या हाय असं समज. आपून दर्या मापतो. दर्या कदी तिरका बगितलास?”

ज्याला दर्यात दोन तास काढवले नाहीत, तो मला डोंगरावर दर्या दाखवत होता. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, “हा दर्या बरा, बाय. हलत नाय.”

माझी चूक झाली ती जानीआजी नावाच्या एका म्हातारीचं शेत होतं त्या डोंगरावर. तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेले जंगलातले तुकडे त्यांच्या नावावर करायचे होते. ठरावीक मर्यादेपर्यंत जमीन मिळणार, जास्त भरली तर तेवढी पट्टी खालच्या बाजूने कापून जंगलात जाणार. नाखवा गुडघ्याच्या दुखण्यामुळे रजेवर होता. बदली माणूस घेऊन मी गेले. ऊन फार होतं, तुकडे पाच होते आणि शेवटचा जानीआजीचा. तिथे बदली माणसाने साखळी उतारावर सरळ लोळवली. मी बघितलं आणि बोलले नाही. हिशेबात तिची जमीन मर्यादेपेक्षा चार गुंठे जास्त भरली. मी नकाशावर खालच्या अंगाला तांबडी रेघ मारली. रेघेपलीकडे तिच्या शेतातला एकच सपाट तुकडा होता. तिथे ती दरवर्षी पालापाचोळा जाळून राब भाजायची आणि नाचणीची रोपं करायची. तो गेला की वरच्या उतारावर लावायला रोप कुठून आणणार?

रजेवरून आल्यावर नाखव्याने माझी मोजणीची वही चाळली. त्याला चौथीपर्यंतचंच शिक्षण, पण आकडे तो नीट वाचायचा. जानीआजीच्या पानावर थांबला.

“ही साखली लोलवली.”

“कशावरून?”

“सगल्या पुऱ्या साखल्या लिवल्यात. त्या डोंगरावर पुरी साखली आडवी ऱ्हाते? अर्दी, पाव, पायरी पायरीनं उतरते ती.” मग वही मिटून म्हणाला, “कोनाचा तुकडा गेला?”

मी सांगितलं. त्याने आपला ओळंबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते, गुडघा सुजलेला होता. मी म्हटलं, पुन्हा मोजायला दुसरा माणूस नेते. त्याने यादीवर सातव्या क्रमांकावर बोट ठेवलं.

जानीआजी झोपडीच्या दारात नाचणी पाखडत होती. आम्हांला बघून तिने सूप खाली ठेवलं. “पयल्या येली तुकडा नेला. आता काय उरलेला न्यायला आलाव?”

“आजी, बगत तरी ऱ्हा,” नाखवा म्हणाला.

तो डोंगर त्याने त्या दिवशी बसून बसून उतरला. साखळी धरायला उभा राहायचा, खिळा मारला की पुन्हा खाली बसायचा आणि पुढच्या खिळ्यापर्यंत घसरत जायचा. जानीआजी मागून चालत होती. संध्याकाळपर्यंत आकडे जमले. जमीन मर्यादेच्या आत, तीही जेमतेम. मी तिला सांगितलं, बरं झालं, तुझी जमीन पहिल्यापेक्षा कमी भरली.

“कमी भरली त बरं कसं?”

“कागदावर कमी हाय म्हनून तुला आखी मिलल,” नाखवा म्हणाला. “राबासकट.”

तिला ते पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा ती राबाच्या तुकड्यावर जाऊन बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

नवा नकाशा वरिष्ठांकडे मंजुरीला जायचा होता. आधीचा नकाशा चुकला, हे मी माझ्या सहीनिशी लिहून दिलं. नाखवा निवृत्त झाला त्या दिवशी हारतुरे झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. “बाय, जानीचं पास झालं की मला सांग.”

“लिहून ठेवते.”

“मंग झालं.”

मंजुरी सात महिन्यांनी आली. त्या दिवशीच्या यादीत मी लिहिलं: नाखव्याला कळवणे. पालघरहून सातपाटी एसटीने अर्ध्या तासावर. पण त्या आठवड्यात बोईसरच्या कारखान्यांकडची मोजणी निघाली. मी ते पुढच्या आठवड्याच्या यादीत उतरवलं. मग त्याच्या पुढच्या. मग माझी बदली झाली आणि नवीन वहीच्या पहिल्या पानावर मी ते पुन्हा लिहिलं. पोस्टकार्डाने झालं असतं. पण मला तोंडाने सांगायचं होतं, त्याचा चेहरा बघायचा होता. जुन्या वह्या माझ्याकडे आहेत. ते काम मी तीन वर्षं उतरवत होते.

चौथ्या वर्षी गेले. त्याची बायको अंगणात बोंबील वाळत घालत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “तू मोजनीवाली बाय ना?” मग हातातला बोंबील दोरीवर टाकून म्हणाली, “तो नाय आता. शिमग्याला वरीस झालं.”

मी ओट्यावर बसले. जे सांगायला आले होते ते तिलाच सांगितलं, की जानीआजीचा तुकडा पास झाला, राबासकट.

“त्याला ठावं होतं. ती डोंगरवाली आजी आलेली ना. नाचनी घेऊन, दोन एसट्या बदलून. तिनंच सांगितलं.” तिने मला पाणी आणून दिलं. “तरी तुजी वाट बगायचा. मी म्हनायचे, आता कशाला येते ती? तर म्हनायचा, येल. तिच्या यादीत हाय.”