खोडलेली नावं

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर खिडकीपाशी बसून एका यादीतली नावं काळ्या पेनाने खोडत होत्या. शहरात आजारांचा काही अभ्यास चाललाय, तिकडे ही यादी जायची होती. "नाव राहत नाही बाई, काळजी नको," त्या मला म्हणाल्या. असा अभ्यास व्हायला हवा, असं मलाही वाटतं. संमतीच्या कागदावर मी आनंदाने सही केली होती.

सहज नजर गेली. एका खोडलेल्या नावापुढे होतं: स्त्री, वय बावन्न, शिक्षिका, एकटी राहते. त्याच ओळीत पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या माझ्या गोळ्या, कंसात 'मानसिक आजार'. मन ठिकाणावर राहावं म्हणून घेते त्या. गाव समजतं, मी दर महिन्याला जिल्ह्याला बहिणीकडे जाते. इतकी वर्षं लांब ठेवलेले दोन कागद, गावातला आणि जिल्ह्याचा, कुणीतरी शांतपणे एकत्र शिवले होते.

आणि नाव? या गावात मला नावाने कुणी हाक मारतच नाही. मी 'शाळेतल्या बाई'. बाकावर नंबर लावून बसलेले ते 'टेलरमामा'. सिस्टर नेमकं तेवढंच पुसत होत्या, जे इथे कुणाला लागत नाही.

यादी टेबलावर वाळत ठेवून त्या आत गेल्या. बाकावरचे तिघे-चौघे उठून टेबलाशी आले, सहज बघायला. मी कागद झाकला असता, तर ती ओळ माझीच ठरली असती. मी हात मांडीवरच ठेवले.

थोड्या वेळाने टेलरमामा माझ्याकडे न बघता, फार मायेने म्हणाले, "बाई, यापुढं पोरांना तुम्हीच शिकवणार ना?"