आईचं पडीक

साहेबांनी माझ्या आईला सगळ्यांच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "डोंगराला टक्कल पाडलं ते या लोकांनी."

सगळे हसले. मीही हसले.

आमची आदिवासी वाडी कर्जतच्या बाजूला, माथेरानच्या पायथ्याशी. पावसात उतारावरची माती वाहून जाते, खडक उघडा पडतो. ती थोपवायला झाडं लावायची सरकारी योजना आली, तिच्यावर हे साहेब. वाडीत बारावी झालेली मी एकटीच, म्हणून मला मुकादम केलं. डोक्यावर योजनेची हिरवी टोपी. साहेबांशी मी शाळेतलं मराठी बोलायचे. आई आसपास आली की अवघडायचे. लिहितानाही लाज वाटते.

त्या दिवशी खड्ड्यांची जागा ठरत होती. साहेबांनी एक मोकळा तुकडा दाखवून मला विचारलं, ही जमीन ओसाडच ना? तो तुकडा आमचा. पहिल्या साली नाचणी, मग वरी, मग तेलासाठी खुरासणी, आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक ठेवायची, तिला दम खाऊ द्यायचा. वाडीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी सांगितलं नाही. मान डोलावली. तिथे खड्डे पडले तर पुढची नाचणी पेरायला जागाच उरणार नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मागे उभी असलेली आई पुढे आली. "सायेब, ती ओसाड नाय. निजलीय ती. दोन पावसानं नाचणी घेणार हाय."

त्यावर साहेबांनी तिला मधोमध उभं केलं आणि ते टकलाचं बोलले. आई साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग ती घरी निघून गेली.

घरी ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नेहमीसारखी भाकरी वाढली.

सकाळी मी एकटीच त्या तुकड्यावर गेले. आईने रचलेल्या दगडी बांधामागे गुडघाभर माती साठली होती. शेजारी गेल्या साली मी खणून घेतलेले योजनेचे चर. सगळे फुटलेले, माती खाली ओहोळात. माझीच मला शिसारी आली.

मजूर आले, साहेब आले. मी टोपी काढून साहेबांच्या हातात दिली.

"हितं खड्डा पडायचा नाय," मी म्हणाले. "झाडं लावू. बांधावर लावू, ओहोळाच्या काठाला लावू. माझी आई दावील तिथं."

साहेबांनी मला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मजूर वाडीतलेच. त्या दिवशी कुणी कुदळ उचलली नाही.

आज ना उद्या दुसरा मुकादम येईल, हे मला माहीत आहे. मी हसले होते, तेही मी विसरणार नाही. डोंगर आम्हालाही हिरवा हवा आहे, पण उपाशी राहून नाही. ज्याला इथे खड्डा मारायचा असेल त्याने आधी आमच्या अंगणात यावं, खाली बसावं आणि माझ्या आईला विचारावं. तोवर मी त्या तुकड्यावर उभी आहे.