सहीपुरता वायरमन आणि आमची आत्या

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या आत्यानं सासरचे देव घराबाहेर काढले होते.

आज सकाळी ती गेली. पिंपळे गुरवलाच, सासरच्या गावी. ते घर पाडून बांधलेल्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर.

ही हकीकत एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटची. माझा तेव्हा जन्मही नव्हता. आत्या आणि आतोबा दोघांकडून ऐकलेली. दोघांचं जिथं जुळतं ते तसंच लिहिते. जुळत नाही तिथं तसं सांगते.

पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. आतोबा अशाच एका कंपनीत हेल्पर होते. फिटरच्या मागं पाना घेऊन उभं राहायचं काम.

गावात लाइट आली.

कनेक्शनसाठी लायसन असलेल्या वायरमनची सही लागायची. त्यावर गावानं तोडगा काढला होता. वायरिंग घरच्या माणसानं करायचं, लायसनवाला सहीपुरता आणायचा.

आतोबा म्हणाले, "मी ओढतो वायर. कंपनीत रोज बघतो."

आत्या दापोडीची. तिथल्या चाळीत कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरून शेजारीण चिकटलेली तिनं पाहिली होती. ती बाई वाचली नाही.

आत्या नवऱ्याला म्हणाली, "ओढा की. मी दापोडीला जाऊन ऱ्हाते. दिवे लागले आन् तुमी शाबूत असला तर सांगावा धाडा."

आतोबा हसले. मग तिनं खरंच पिशवी भरायला घेतली.

अशा रीतीनं दापोडीचे गायकवाड वायरमन आले. सहीसाठी नाही, कामासाठी. लाकडी पट्ट्या ठोकून सगळं वायरिंग त्यांनी स्वतः केलं.

लाइन यायच्या दिवशी सासरेबुवांनी गाव बोलावलं. नारळ, हार, पेढे. आणि घरात प्रकाश येणार म्हणून सकाळीच सगळी जमीन शेणानं सारवून घेतली.

शुभकार्य म्हटलं की सारवण. कुणाच्या मनातही काही आलं नाही. सारवलं आत्यानंच.

मेनचा बोर्ड स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या भिंतीला. लाइन आली. गायकवाड टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट तपासायचा वायरवरचा दिवा, घेऊन दारात आले आणि ओली जमीन बघून थांबले.

पायात रबरी तळाचे बूट.

सासरेबुवा म्हणाले, "पायताण भायेर काढा."

"बूट काढून ओल्यात मी बोर्डाला हात लावणार नाही, पाटील. जमीन वाळू द्या, नाहीतर बूट राहू द्या."

"देवापुढं पायताण? आमच्या घरात? न्हाई जमायचं. आन् मुहूर्त काय तुमच्या जमिनीसाठी थांबतोय?"

"जमीन तुमची आहे, पाटील."

बाहेर लोक हसले. ते हसू सासरेबुवांना लागलं.

आणि ते बघून आतोबांना चेव आला. "आणा तो लॅम्प हिकडं. एवढंच ना? मी करतो."

गायकवाडांनी हात मागं घेतला. आतोबांनी लॅम्प त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि उंबरा ओलांडला. अनवाणी. पायाखाली शेणाचा ओला थर.

सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, असे ते दिवस.

आत्यानं तोंड उघडलंच नाही. ती नवऱ्याच्या पुढून गेली, देव्हाऱ्यातले टाक एकेक करून परातीत ठेवले, परात डोक्यावर घेतली आणि सगळ्यांच्या मधून ओसरीवर आली.



सासरे म्हणाले, "देव हलिवलं? कुणाला इचारून?"

आत्या म्हणाली, "देवाला शॉक बसत न्हाई, मामंजी. ह्यांला बसतो."

(आतोबांच्या मते ती हे गाव ऐकेल इतक्या मोठ्यानं बोलली. आत्याच्या मते ती पुटपुटली. मी आतोबांवर विश्वास ठेवते.)

मग ती गायकवाडांकडं वळली. "आत आता देव न्हाई. जावा बूट घालून."

आतोबा लॅम्प हातात घेऊन तसेच उभे. सासऱ्यांनी परातीकडं बघितलं, मुलाच्या पायांकडं बघितलं.

"भायेर ये रं," ते मुलाला म्हणाले. "वायरमनला काम करू दे."

दिवा लागला. देव पुन्हा आत गेले. सासरे तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

मी एकदा तिला विचारलं होतं, "आत्या, पण खरंच काही झालं असतं का? गायकवाडांचं काम तर चोख होतं."

"कुणाला ठावं? कायबी झालं नसतं."

"मग?"

"मग काय? बघायचं व्हतं व्हय आपल्याला?"

मी वाद घालणारी बाई आहे. पुरावा मागते. इथं मागत नाही. ती बरोबर होती.

गेल्या वर्षी आमच्याकडं फॅन बसवायला आलेल्या मुलाला तिनं सोफ्यावरूनच विचारलं, "लायसन हाय का?"

"आजी, फॅनच लावायचाय फक्त."

"मग तुझा फॅन काय रॉकेलवर फिरतो?"

त्यानं मोबाइलमध्ये फोटो काढलेलं लायसन दाखवलं. तिनं चष्मा मागवून ते बघितलं. वाचता येत नव्हतं. फोटो मात्र त्याच्या तोंडाशी ताडून बघितला.

आज दुपारी सगळं आटोपून आलो. आतोबा खुर्चीत बसले होते. वय नव्वदीच्या घरात, कान गेलेत, बाकी ठणठणीत. मी शेजारी बसले. त्यांनी लॅम्प धरलेल्या त्या तळहाताकडं बघितलं.

म्हणाले, "मला ठिवून गेली गं."

आत्या, त्यांची काळजी करू नकोस. आम्ही आहोत.

निवांत जा.